चौथ्या खंडाची शिलाई

दहा वर्षांपूर्वी आलेल्या त्या पत्राला रंगनाथने उत्तर पाठवलं नव्हतं. लिहिलं नव्हतं असं मात्र नाही. अकरा वेळा लिहिलं होतं. उभा जन्म दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढण्यात गेलेला माणूस तो. स्वतःच्या पत्रावर लाल पेन घेऊन बसला की आधी विशेषणं जायची, मग एकेक वाक्य जायचं, आणि शेवटी कागदावर वरची तारीख तेवढी उरायची. दुसऱ्या दिवशी तीही शिळी व्हायची.

मूळ पत्र त्याच्या सदाशिव पेठेतल्या खोलीत, जाडजूड शब्दकोशात घडी करून ठेवलेलं होतं. निळ्या शाईतलं, डावीकडे कललेलं अक्षर, वर पिनकोडासकट पत्ता. मजकूर त्याला पाठ होता. आंघोळ करताना, दूध आणायला जाताना, कधी कुणाच्या लग्नात अक्षता हातात घेऊन उभा असताना त्यातलं एखादं वाक्य आपलं आपण वर यायचं, आणि रंगनाथ उगाचच घसा खाकरायचा. शेजारच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला कफाचा त्रास आहे.

त्या रविवारी सकाळी कारखान्यात जायला निघताना त्याने ते पत्र सदऱ्याच्या खिशात का घातलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. कदाचित अभयच्या फोनमुळे असेल.

"काका, दहाला या. काचेचं कपाट आलंय," पुतण्या म्हणाला होता. "सातही खंड लावून ठेवू. उद्या फोटो काढायला माणसं येतायत. खाली पितळी पट्टी लावायची आहे, तिच्यावरचा मजकूर तुम्हीच द्या. दोन ओळी. तात्यांनी स्वतः बांधलेले, वगैरे. तुम्हाला काय सांगायचं!"

खरंच, त्याला काय सांगायचं!

नानिवडेकरांचा बांधणीचा कारखाना बुधवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. खाली विजेच्या सामानाची दुकानं. रविवार असल्याने त्यातली निम्मी बंद होती. जिना चढताना पुठ्ठे चिकटवायच्या खळीचा आंबूस वास आला. पंचाहत्तर वर्षं त्या भिंतींत मुरलेला वास. वडील, म्हणजे तात्या, गेले, हातकाम गेलं, चिकटवायची यंत्रं आली, तरी तो गेला नाही.

वर सगळे जमले होते. धाकटा भाऊ दिगंबर खिडकीपाशी, तात्यांच्या खुर्चीत. एक्काहत्तरीतही ताठ बसायचा. धंदा त्याने चाळीस वर्षं चालवला आणि आता मुलाच्या, अभयच्या हाती दिला होता. म्हणजे सह्या अभयच्या आणि हुकूम ह्याचे. अभय कपाटाच्या काचेवरचे बोटांचे ठसे पुसत होता. दोघांच्या मधली बहीण मुक्ताई सांज्याच्या पोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती. आणि मोठ्या टेबलापाशी अभयची बायको शेफाली. बँकेतली नोकरी सोडून तिने जुनी पुस्तकं दुरुस्त करायचं शिक्षण घेतलं, तेव्हा दिगंबर म्हणाला होता, "लोक इथून बँकेत जायला धडपडतात." आता तीच कारखान्यातलं नाजूक काम बघायची. तिच्यासमोर वनस्पतिकोशाचा चौथा खंड उघडा पडला होता, आणि त्याची पाठ सोललेली होती.

"हे काय केलंस?" रंगनाथच्या तोंडून निघून गेलं.

"सांधा सुटला होता, काका. असाच कपाटात ठेवला असता तर पुढच्या वर्षी पुठ्ठा हातात आला असता." तिने दिवा जवळ ओढला. "पण बरं झालं तुम्ही आलात. मला एक कळत नाहीये. आपल्याकडे शिलाई वरून सुरू करतात ना? डोक्याकडून? आणि शेवटची गाठ खाली, पायाशी?"

"तात्यांची शिस्त ती," दिगंबर खिडकीतून म्हणाला. "पंचाहत्तर वर्षं तशीच चालू आहे."

"मग ही गाठ वर कशी आली?"

तिने खंड दिव्याखाली सरकवला.

"आणि टाके बघा," शेफाली म्हणाली. "सगळे उलट्या बाजूला झुकलेत. एकदोन नाहीत, पूर्ण खंड. मी पाचवाही पाठीच्या फटीतून बघितला, तोही तसाच. इतकी सुंदर शिलाई मी इथल्या दुसऱ्या एकाही पुस्तकात पाहिली नाही. पण ही डाव्या हाताने केलीय." तिने मान वर केली. "तात्या डावखुरे होते?"

"तात्यांना दोन्ही हात सारखेच होते," दिगंबर म्हणाला.

"हो तर," मुक्ताई डब्याचं झाकण लावत म्हणाली. "जेवायचे उजव्याने, शिवायचे डाव्याने, आणि थापा मारायला तू होतासच."

"मुक्ते, उगाच फाटे फोडू नकोस."

"मी कुठे फोडले? तुझ्या सुनेने पाठ फोडली पुस्तकाची, तिथून बाहेर आलंय."

अभयने फडकं खाली ठेवलं. "एक मिनिट. बाबा, हे सात खंड तात्यांनी शिवले ना? ब्याण्णव ते चौऱ्याण्णव. त्यांना मानपत्र मिळालं त्याबद्दल. काकांनी पुस्तिका लिहिलीय त्यावर. लहानपणी मला ती पाठ होती. 'यातला प्रत्येक टाका तात्यांच्या हातचा आहे.' काका?"

रंगनाथने घसा खाकरला. वाक्य त्याचंच होतं. त्या वेळी त्याला ते फार साधलेलं वाटलं होतं. खरं सांगायचं तर छापून आल्यावर त्याने ते चारचारदा वाचलं होतं.

"तात्यांचा हात नव्वद सालीच कापायला लागला होता," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला, की अभयला पुढे वाकावं लागलं. "चहा बशीत ओतला की निम्मा धोतरावर. सुई ओवणं तर... नाही."

"मग कुणी शिवले?"

"अण्णा," दिगंबर रंगनाथकडे रोखून बघत म्हणाला. एवढंच. पण त्या दोन अक्षरांत लहानपणापासूनचा सगळा दम होता. रंगनाथ त्याच्याहून पाच वर्षांनी मोठा, तरी दम द्यायचा तो दिगंबरनेच.

उत्तर मुक्ताईने दिलं. "दीपमाला गजभियेने."

शेफालीने हे नाव कधी ऐकलं नव्हतं. अभय तेव्हा कारखान्यात फारसा येत नसे; त्याला अंधुक आठवलं. "पडद्यामागे बसायच्या त्या बाई? त्यांना एक हात..."

"मनगटापासून नव्हता. उजवा," मुक्ताई म्हणाली. "भंडाऱ्याकडची. सतराव्या वर्षी धानाच्या मळणी यंत्रात गेला. भाऊ हडपसरला कारखान्यात होता, त्याच्याबरोबर आली. अपंगांच्या कुठल्याशा संस्थेत बांधणी शिकली आणि इथे काम मागायला उभी राहिली. विशीची होती."

रंगनाथला तो दिवस आठवत होता. दिगंबर तिला दारातूनच परत पाठवत होता. तात्यांनी थांबवलं आणि शिलाईच्या चौकटीवर एक फर्मा, घडी घातलेल्या पानांची जुडी, ठेवून म्हणाले, शिव. तिने दोन दिवस कारखान्याच्या पद्धतीने शिवून पाहिलं. उजव्या हातासाठी बसवलेली पद्धत ती. टाका सैल यायचा. तिसऱ्या दिवशी तिने पुस्तकच चौकटीवर उलटं लावलं. मनगटाच्या बोथट टोकाने घडी आतून दाबून धरायची, दोऱ्याचं टोक दातांत, सुई डाव्या हातात, खालून वर. दिगंबर ओरडला. तात्या मात्र कितीतरी वेळ त्या टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिले. "उलट का होईना, टाका बसतोय ना? मग बसू दे तिला." दीपमाला हसून म्हणाली होती, "कागद कुठं पाहते जी, कोणता हात आहे ते!"

"पण मग पडदा कशाला?" शेफालीने विचारलं.

दिगंबर उठून उभा राहिला. "हे बघ, तू काल आलीस. त्या काळी दहा ठिकाणी तिला कुणी उभं केलं नव्हतं. आम्ही ठेवली. बावीस वर्षं ठेवली. दिवाळीला साडी, भावाच्या लग्नाला आहेर. अपंग मुलांना काय मिळायचं तेव्हा? टेलिफोनचा बूथ! आपण कसब दिलं तिला."

"कसब तिचं तिनेच आणलं होतं," मुक्ताई म्हणाली. "आपण पडदा दिला. तो कशाला, ते सांग ना."

दिगंबर खिडकीबाहेर बघू लागला. मग रंगनाथला बोलावं लागलं, कारण पडद्याचं कापड त्यानेच आणलं होतं. हिरवं, बुट्ट्यांचं.

"पोथी बांधायला एक गिऱ्हाईक यायचे. त्यांनी तिला काम करताना पाहिलं. म्हणाले, थोट्या हाताने शिवलेली पोथी मी देवघरात कशी ठेवू?" त्याने हातातल्या चष्म्याची काडी मिटली, उघडली. "दुसऱ्या दिवशी पडदा लागला. वाटलं, तिला बरं पडेल. लोक बघणार नाहीत."

"तिला विचारलं होतं?"

"नाही."

"हाताचं निमित्त झालं रे," मुक्ताई हळू म्हणाली. आता तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "आडनाव तरी आपण कुठल्या गिऱ्हाइकाला सांगितलं? मीही इथे गल्ल्यावर बसायचे. कुणी विचारलं की मी 'आतली बाई' म्हणायचे. मी काही वेगळी नाही."

दिगंबरने चमकून तिच्याकडे पाहिलं. कुठल्याही भांडणात मुक्ताई आधी त्याला टोचायची आणि शेवटी त्याच्याच बाजूने उभी राहायची, असा या घराचा पन्नास वर्षांचा रिवाज होता. आज ती स्टुलावरून उठून टेबलाच्या पलीकडे, शेफालीपाशी जाऊन उभी राहिली.

"बरं. झालं ते झालं," अभय म्हणाला. त्याला भांडण सोसत नसे. ते त्याने काकाकडून घेतलं होतं. "पट्टीवर तात्यांचं नाव न घालता कारखान्याचं घालू. 'नानिवडेकर बांधणी.' खोटं काही नाही त्यात. काका, एक ओळ द्या. विषय संपला."

अशी ओळ रंगनाथ चुटकीसरशी देऊ शकला असता. खरं काहीच न सांगणारी आणि खोटंही न ठरणारी. आयुष्यभर त्याने तेच केलं होतं. त्याचा हात खिशाकडे गेला, पेन काढायला, आणि पेनाबरोबर पत्र बाहेर आलं.

"हे काय?" शेफालीने विचारलं.

त्याने ते तिच्यापुढे धरलं. देताना त्याची मान खाली होती, शाळेत प्रगतिपुस्तक द्यावं तशी.

शेफालीने मोठ्याने वाचलं.

"'माननीय रंगनाथ सर, नमस्कार. हडपसरला आमच्यासारख्यांना धंदा शिकवायचं केंद्र आहे. तिथे पुस्तकबांधणी शिकवायची जागा निघाली आहे. शिकणारे माझ्यासारखेच, कोणाचा पाय गेलेला, कोणाचा हात. मी त्यांना शिकवू शकते. पण जागेसाठी कारागीर म्हणून काम केल्याचा दाखला लागतो. मला इथून जाताना मिळालेल्या दाखल्यात मदतनीस लिहिलं आहे. ते अक्षर तुमचं आहे, म्हणून तुम्हालाच लिहिते. दुसरं काही नको. सात खंड मी शिवले, एवढी एक ओळ लिहून दिलीत तर पुरेल. ३१ तारखेच्या आत पाहिजे. आपली, दीपमाला गजभिये. १२ मार्च २०१५.'"

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू होईना.

"तुम्ही काय उत्तर दिलंत?" शेफालीने विचारलं.

"काहीच नाही."

"काहीच?"

"मी दिगूला दाखवलं होतं. तो म्हणाला, ही ओळ लिहिलीस तर तात्यांचं मानपत्र खोटं ठरेल. ते खरंच होतं." रंगनाथ थांबला. "पण त्याच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. त्याने काही माझा हात धरला नव्हता. मदतनीस हा शब्दही त्याने सांगितला आणि मी लिहिला. लिहिताना मला कळत होतं. शुद्धलेखन मात्र मी दोनदा तपासलं."



"ती जागा तिला नाही मिळाली," मुक्ताई म्हणाली. "सगळेच दचकून माझ्याकडे बघू नका. नम्रताकडे जाते ना मी हडपसरला! लेकीच्या सोसायटीसमोरच झेरॉक्सच्या दुकानात भेटली दिवाळीनंतर. तिनेच ओळखलं मला. त्याच केंद्रात आहे ती, दहा वर्षं. शिकवते तीच. पण हजेरीपत्रकात मदतनीस. वर कुणी दाखलेवाले सर आणून बसवले होते, त्यांना सुई कुठून धरायची ते हिने शिकवलं. ते आता निवृत्त झाले. जागा पुन्हा निघालीय, या महिनाअखेरपर्यंत अर्ज आहेत."

"मग केला तिने अर्ज?"

"मी तेच विचारलं. म्हटलं, आमच्याकडे परत माग दाखला. तर म्हणाली, 'एकदा मागितला, ताई. झालं ते.' रागावून नाही हो. पावसाचं बोलावं तसं." मुक्ताईने पदराने नाक पुसलं. "आणि मी घरी येऊन कुणाला बोलले नाही. कशाला घरात कलागत, म्हटलं."

"मग आता देऊ या ना," शेफाली म्हणाली. "आजच. अभय, सही तुझी लागेल. मालक तू आहेस."

"तो मालक आहे आणि मी अजून मेलेलो नाही!" दिगंबरचा आवाज चढला. "तुम्हाला कळतंय का काय करताय? पंचाहत्तरावं वर्ष. उद्या फोटो. आणि आज तुम्ही लेटरहेडवर लिहून देणार, की आमच्या वडिलांनी दुसऱ्याच्या कामावर शाल पांघरून घेतली? तो माणूस बावीस वर्षांपूर्वी गेला. त्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही. अण्णा, तू सांग यांना. त्यांच्या फोटोसमोर उभा राहून सांग, की तुला हे चालतंय."

फोटो भिंतीवर होता. त्याच्याखाली नव्या कपाटात सात खंडांसाठी केलेले खण, मानपत्राची चौकट, आणि मखमलीवर घडी घालून ठेवलेली एक शाल. मोतिया रंगाची.

"ही शाल कुठली?" रंगनाथने विचारलं.

अभय ओशाळला. "मानपत्राबरोबरची हरवली ना. तुळशीबागेतून तशीच आणली. फोटोत कळणार नाही."

"ती हरवली नव्हती," रंगनाथ म्हणाला.

दिगंबर म्हणाला, "रिक्षात राहिली होती. मला चांगलं आठवतं."

"नाही राहिली." एकतीस वर्षं न बोललेली गोष्ट आता बोलायची, तर कुठून धरायची हे त्याला कळेना. "समारंभाच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्रितं घ्यायला सकाळी लवकर आलो होतो. तात्या आधीच आले होते. पडदा अर्धा सरकलेला. दीपमाला चौकटीसमोर बसली होती, आणि तात्या तिच्यासमोर उभे होते. त्यांनी शाल तिच्या खांद्यावर घातली. हात कापत होते, नीट बसेना. एकदा घसरली, परत घातली. मग हात जोडले त्यांनी. तिला. तोंडाने एक अवाक्षर नाही. ती कावरीबावरी होऊन उठून उभी राहिली. मी तसाच जिना उतरून खाली गेलो, आणि अर्ध्या तासाने पुन्हा वर आलो. चपला वाजवत."

"आई महिनाभर शोधत होती ती शाल," मुक्ताई पुटपुटली. "कपाटं उपसली तिने."

दिगंबर खुर्चीत बसला. आपण बसलो हे त्याच्या लक्षात आलं नसावं. "मला म्हणाले, रिक्षात राहिली," तो म्हणाला. "मी दोन दिवस मंडईच्या स्टँडवर उभा होतो. एकेका रिक्षावाल्याला थांबवून विचारत होतो. ते हसायचे मला." तो फोटोकडे बघत राहिला. "दोन दिवस. आणि ह्यांना माहीत होतं."

"त्यांनाही बोलता आलं नाही," रंगनाथ म्हणाला. "आपल्या घरात ते कुणालाच आलं नाही. पण निदान त्यांनी शाल तरी घातली. मी पुस्तिका लिहिली."

दिगंबर खुर्चीत पुढे सरकला. मग त्याने हात पुढे केला. शेफालीला आधी कळलं नाही, मग तिने चौथा खंड उचलून त्याच्या हातात दिला. त्याने सोललेल्या पाठीवरून अंगठा फिरवला, तात्या फिरवायचे तसा.

"माझी शिलाई सैल यायची," तो म्हणाला. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. "तात्या माझे खंड उसवायला लावायचे. तिच्यासमोर. एकदाही तिने वर बघितलं नाही, मला लाज वाटू नये म्हणून. त्याचाच मला जास्त राग यायचा." त्याने खंड टेबलावर ठेवला आणि उठून गॅलरीत निघून गेला. दार मात्र उघडं ठेवलं.

अभयने फायलीतून कोरं लेटरहेड काढलं.

"ते नको," गॅलरीतून आवाज आला. "त्या गठ्ठ्यातलं वाकडं छापलंय. खालचं घे."

दाखला शेफालीने लिहिला. रंगनाथने सांगितला असता तर संध्याकाळ झाली असती. चार ओळी. श्रीमती दीपमाला गजभिये यांनी १९९० ते २०१२ या काळात बांधणी कारागीर म्हणून काम केले. मानपत्रप्राप्त वनस्पतिकोशाचे सातही खंड त्यांनी स्वतः शिवले. पूर्वीच्या दाखल्यातील 'मदतनीस' हा उल्लेख चुकीचा आहे. अभयने सही केली. आणि मग कुणी न सांगता, मखमलीवरची शाल उचलून टेबलाच्या खणात टाकली.

"काका, पट्टीचं?"

"आता तिलाच विचारून काय ते," रंगनाथ म्हणाला. "तिचं नाव इथे लागलेलं तिला हवंय की नाही, तेही आपणच कशाला ठरवायचं?"

पत्र त्याने स्वतः लिहिलं. कोपऱ्यात, पूर्वी जिथे पडदा होता तिथल्या बाकावर बसून. पडद्याच्या दांडीचे दोन हूक भिंतीत अजून होते.

*दीपमालाताई,*

*तुमचं १२ मार्च २०१५ चं पत्र मला १४ तारखेला मिळालं होतं. टपालाची काही चूक नाही. उत्तर मीच दिलं नाही. वेळ नव्हता, असंही नाही. लाज वाटत होती, आणि त्या लाजेपायी तुमची दहा वर्षं गेली.*

*सात खंड तुम्ही शिवले. मला तेव्हाही माहीत होतं. मदतनीस हा शब्द मी लिहिला आणि पुस्तिकेतलं ते वाक्यही माझंच. दोन्ही खोटी आहेत. तात्यांनी तुम्हाला शाल दिली तेव्हा मी दारात होतो. तेही मी कुणाला सांगितलं नाही. आज सांगितलं.*

*सोबत दाखला आहे. त्याचा अजून उपयोग असेल तर करावा. पट्टीवर तुमचं नाव घालावं असं घरात सगळ्यांना वाटतं, पण तुम्ही म्हणाल तसं. क्षमा करा म्हणायला मला तोंड नाही. या पत्राला उत्तर नाही आलं तर त्याची तक्रार करणारा मी शेवटचा माणूस असेन.*

*रंगनाथ नानिवडेकर*

लिहून झाल्यावर त्याचा हात सवयीने लाल पेनाकडे गेला. दुसऱ्या ओळीत खाडाखोड झाली होती. 'लाज' दोनदा आलं होतं.

"आणा इकडे," शेफाली म्हणाली. तिने दाखल्याचा फोनवर फोटो काढून घेतला. "असू दे जवळ. तुमच्यावर विश्वास आहे, टपालावर नाही."

"उलटं म्हणालीस," मुक्ताई म्हणाली. "टपालावर ठेव. ह्याच्यावर नको."

रंगनाथला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. शेफालीने मग ते पत्र न वाचताच घडी करून दाखल्याबरोबर पाकिटात घातलं, वाटीतली खळ बोटावर घेऊन पाकिटाच्या कडेला फिरवली आणि घोटून बंद केलं. खळीने चिकटवलेलं पाकीट पुन्हा उघडायचं तर फाडावंच लागतं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"उद्या स्पीड पोस्टाने टाकू," अभय म्हणाला. "आज रविवार."

"उद्यापर्यंत माझी खात्री नाही," रंगनाथ म्हणाला. अभयच्या खणातली तिकिटं त्याने मागून घेतली, लागतील त्यापेक्षा दोन जास्तच लावली, पाठ असलेला पत्ता घाईघाईत लिहिला, आणि तो एकटाच खाली उतरला.

रस्त्यावर दगडूशेठच्या दर्शनाची रांग पार कोपऱ्यापर्यंत आली होती. हारवाल्यांचा आरडाओरडा, नारळांचे ढीग. लाल पेटी रस्त्याच्या पलीकडे होती. दहा वर्षं तो तिच्यावरून जात-येत होता; जाताना दुसऱ्या बाजूला बघायचं, हेही त्याने सवयीचं करून घेतलं होतं. पेटीपाशी पोहोचून त्याने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. खळ अजून ओली होती. मनात आलं, ती दुसरी ओळ...

"अण्णा!"

त्याने वर पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दिगंबर कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभा होता. रांगेतली माणसंही वर बघू लागली.

"पिनकोड घातलास का?"

रंगनाथने पाकीट डोळ्यांजवळ नेलं. पत्ता होता, हडपसर होतं, पुणे होतं. पिनकोड नव्हता. उभ्या आयुष्यात त्याने पिनकोडाशिवाय पाकीट लिहिलं नव्हतं.

"नाही!"

"शून्य दोन आठ!" दिगंबर ओरडला. "चार एक एक, शून्य दोन आठ! दहा वर्षं माहीत आहे मला!"

रंगनाथने पाकीट पेटीच्या माथ्यावर ठेवलं आणि सहा आकडे लिहिले. पेटीच्या खडबडीत पत्र्यामुळे आठचा आकडा वेडावाकडा आला. तो त्याने तसाच राहू दिला, आणि पाकीट आत सोडलं. तळाशी पडल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत तो तिथेच उभा होता.